मोटारीचा गळका टप

कौलारू घरांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांस गळतीचें शास्त्र निराळें शिकवावें लागत नाहीं. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला कीं माजघरांत कोठें तरी थेंब पडूं लागे. त्याच्याखालीं तपेलें ठेविलें जाई. आणि दुसरे दिवशीं कौलें चाळणारा गडी येई, तो त्या तपेल्याकडे ढुंकूनहि न पाहतां शिडी लावून थेट आढ्याच्या दिशेनें चढे. फुटकें कौल तपेल्याच्या नेमकें वर क्वचितच सांपडे. पाणी फटींतून आंत येई, रिपेवरून वाशावर, वाशावरून आणखी हातभर खालीं ओघळे, आणि जेथें वाशाला गांठ असेल तेथें सुटून खालीं पडे. थेंब पडतो तेथें भोंक नसतें, हें गळतीच्या शास्त्राचें पहिलें सूत्र होय. या महिन्याचा विषय वरवर पाहतां कौलारू घरापासून फार दूरचा आहे. पण सूत्र तेंच आहे. तें विसरल्यामुळें एका सुशिक्षित कुटुंबाचा पैसा, वेळ आणि थोडीशी मनःशांति कशी खर्ची पडली, व तें आठवल्यावर काय झालें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

गतवर्षीं ऑक्टोबर महिन्यांत माझा मुक्काम इंग्लंडांत, कॉव्हेंट्री शहराजवळ, पुतण्याच्या घरीं होता. घरांत पुतण्या, सूनबाई आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. घराबाहेर एक जुनी मोटार उभी असे. १९९५ सालची, जपानी बनावटीची, दोनच आसनांची आणि कापडी टपाची. आपल्या टांग्याला किंवा मुंबईच्या जुन्या व्हिक्टोरियाला जसा मागें पाडतां येणारा टप असे, तसाच हा. मात्र समोरच्या कांचेच्या चौकटीवर येऊन दोन कड्यांनीं घट्ट बसणारा. पुतण्या त्या देशांत प्रथम एकटा गेला, तेव्हां पहिल्या वर्षाच्या शिलकींतून त्यानें ही गाडी घेतली होती. घरांत दुसरी, चौघांची सोय असलेली गाडी आहेच. ही केवळ त्याच्या हौसेची.

परंतु या हौसेला पाणी लागलें होतें, आणि तें अगदीं शब्दशः. सकाळीं पाहावें तों कांचा आंतून धुक्यानें भरलेल्या. दार उघडतांच ओल्या पोत्यासारखा वास. डाव्या बाजूचा गालिचा दाबला कीं बोटाखालीं पाणी उमटे. मुलीला सर्दी-खोकल्याचा विकार असल्यामुळें सूनबाईंनीं तिला त्या गाडींत बसावयास साफ बंदी केली होती. "काका, गाडी माझ्याहि आवडीची आहे," त्या मला म्हणाल्या, "पण बुरशीच्या डब्यांत मी मुलीला बसवणार नाहीं. एक तर ती कोरडी करा, नाहीं तर विकून टाका." त्यांचें म्हणणें अगदीं रास्त होतें. ओलसर जागेंत धरणारी बुरशी श्वासाच्या विकाराला अपायकारक असते, हें आतां कोणत्याहि वैद्यानें सांगण्याची गरज राहिलेली नाहीं.

पुतण्यानें कांहींच केलें नव्हतें असें मात्र नव्हे. दोन वर्षांपूर्वीं त्यानें शेंकडों पौंड खर्चून टपाचें सारें कापड नवें बसविलें होतें. गळती जशीच्या तशी राहिली. मग त्यानें सिलिकोनच्या लुकणाची नळी आणून जेथें जेथें सांधा दिसला तेथें तेथें लुकण भरलें. तरीहि गळती राहिलीच. आणि आतां नोव्हेंबरांत गाडीची वार्षिक तपासणी यावयाची होती. ब्रिटनमध्यें तीन वर्षांहून जुन्या मोटारीला दरवर्षीं अशी सक्तीची परीक्षा द्यावी लागते. मागील परीक्षेच्या कागदावर परीक्षकानें शेरा मारून ठेविला होता कीं, दाराखालच्या डाव्या उंबऱ्याला मागील टोंकाशीं गंज धरूं लागला आहे. हा शेरा साधा नव्हे. पोलादी छप्पर असलेल्या मोटारीचें बळ छपरांत व खांबांतहि वाटलेलें असतें. उघड्या मोटारीला तें सुख नसतें. तिचें बहुतेक बळ तळांत आणि दाराखालच्या पोकळ, पेटीसारख्या उंबऱ्यांत असतें. आसनाचा पट्टा जेथें पक्का केलेला असतो, त्या जागेपासून ३० सेंटिमीटरांच्या आंत गंजानें पत्रा दुबळा झाला असेल तर गाडी परीक्षेंत नापास होते. आणि तें योग्यच आहे, कारण अपघाताच्या वेळीं माणसाचा सारा भार त्या एका जागेवर येतो.

अशा रीतीनें गळती, मुलीचा खोकला आणि नोव्हेंबरची परीक्षा या तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. जेवतांना गाडीचा विषय निघाला कीं पुतण्या गप्प होई. मीं म्हटलें, "मला चार कोरडे दिवस आणि एक झारी द्या."

प्रथम टपाच्या कापडाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण नव्यानें पैसे घालविणारा मनुष्य बहुधा कापडालाच दोषी धरतो. पाणी न झिरपणारें कापड ही तशी जुनीच युक्ति आहे. ग्लासगो येथील चार्ल्स मॅकिंटॉश यांनीं १८२३ सालीं तिचें पेटंट घेतलें. डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्था तेलांत रबर विरघळवून, कापडाच्या दोन थरांमध्यें त्याचा लेप द्यावयाचा, अशी ती युक्ति होती. हें कापड थंडींत ताठ होई आणि उन्हाळ्यांत चिकट. पुढें १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर यांना गंधकासह रबर तापविण्याची क्रिया सांपडली, तेव्हां तो दोष गेला. आजच्या चांगल्या टपाचें कापडहि तत्त्वतः तेंच आहे: वर विणलेल्या कृत्रिम धाग्याचा थर, मध्यें रबर, खालीं सुती किंवा तत्सम अस्तर. दुसरा प्रकार व्हिनाइलचा, म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा लेप दिलेला. दोन्ही प्रकारांत मधला किंवा वरचा थर जोंवर शाबूत आहे, तोंवर कापडाच्या मधोमध पाणी सहसा झिरपत नाहीं. पाणी शिरतें तें कडेनें, सांध्यानें, शिवणीनें, किंवा ज्या वाटेनें तें बाहेर जावयाचें ती वाट बुजल्यामुळें.

म्हणून पाण्याच्या वाटा आधीं मनाशीं मांडाव्या. पहिली वाट शिवणीची: सुई गेली तेथें भोंक पडलेंच, धाग्याचें मेण गेलें कीं तोच धागा वातीसारखें पाणी आंत ओढतो. दुसरी वाट समोरच्या कांचेच्या वरची, जेथें टपाची पुढील पट्टी चौकटीवर टेंकते. तिसरी वाट बाजूच्या कांचांची: दाराची कांच वर चढून रबरी पट्टीला टेंकते, कांच थोडी कललेली असली, किंवा रबर वयानें दबून कठीण झालें असलें, कीं फट राहते. चौथी वाट मागच्या पन्हळीची. टपावरचें पाणी मागें ओघळतें, तें कापडाच्या पायथ्याशीं दडलेल्या एका पन्हळींत जमतें. तेथून आसनांच्या पाठीमागें दोन्ही बाजूंस असलेल्या एकेका छिद्रांत उतरतें आणि रबरी नळीवाटे गाडीच्या पोटाखालीं, मागच्या चाकांच्या अलीकडे, बाहेर पडतें. या जातीच्या पुष्कळ मोटारींत अशीच रचना असते. परंतु ती अस्तराखालीं झांकलेली असल्यामुळें कित्येक मालकांस तिचा पत्ताच नसतो.

पांचवी वाट टपाची नव्हेच, आणि तीच विसरली जाते. दाराच्या कांचेच्या फटींतून पाणी दाराच्या पोटांत जातच असतें. जाऊंच नये अशी कोणाची अपेक्षा नसते. तें दाराच्या बुडाशीं असलेल्या बारीक भोंकांतून बाहेर निघतें, आणि आंतील अस्तरामागें लाविलेला प्लॅस्टिकचा पडदा त्याला खोलींत येऊं देत नाहीं. भोंकें मातीनें बुजलीं किंवा पडदा फाटला, कीं गालिचा भिजतो आणि बिचाऱ्या टपावर आळ येतो. मागच्या दिव्यांची रबरी बैठक, आकाशवाणीच्या तारेचें बूड, समोरच्या कांचेची खालची कड, यांचेंहि तेंच. शिवाय गालिच्यावरील ओल पावसाचीच आहे ना, हें आधीं पाहून घ्यावें. हात चिकट लागला आणि गोडसर वास आला, तर तें पावसाचें पाणी नव्हे. तें ऊब देणाऱ्या यंत्रांतील शीतक द्रव होय. तें विषारी असल्यामुळें जिभेला लावून पाहण्याचा मोह मात्र टाळावा.

आतां परीक्षेची रीत. आम्हीं प्रथम आसनें व गालिचे बाहेर काढिले. गालिच्याखालीं स्पंजाचा जाड थर असतो. वरून गालिचा सुकल्यासारखा दिसला तरी तो थर महिनोन्महिने पाणी धरून ठेवितो आणि त्याच्याखालीं पत्रा कुजतो. आमच्याकडील डावा थर उचलला, तो ओल्या गोधडीइतका जड होता; त्याला दांडीवर वाळावयास सारा आठवडा लागला. मग तळ पुसून कोरडा केला व त्यावर वर्तमानपत्राचे कागद अंथरले. कारण कागदावर एक थेंब पडला तरी डाग लपत नाहीं.

नंतर रबरी पट्ट्यांची परीक्षा घेतली. कागदाची एक अरुंद पट्टी कांच आणि रबर यांच्यामध्यें धरावी, दार लावावें, आणि पट्टी हळूच ओढावी. ती अडून, घसपटत यावी. सहज निसटली तर तेथें दाब नाहीं असें समजावें. याप्रमाणें वीतभर अंतरानें सर्व कडेला फिरावें. दुसरा उपाय शंखजिऱ्याच्या पुडीचा, म्हणजे लहान मुलांना लावतात त्या पावडरीचा: रबरावर ती भुरभुरावी, दार मिटून उघडावें, आणि कांचेच्या कडेवर पांढरी रेघ अखंड उमटली कीं मध्येंच तुटली, तें पाहावें. आमच्या गाडींत डाव्या बाजूस, वरच्या कोपऱ्यांत, चार बोटें रेघ तुटली. पुतण्या म्हणाला, "सांपडलं!" मीं म्हटलें, "अजून नाहीं. एवढ्याशा फटींतून गोधडी भिजत नाहीं."

मग झारी. पाणी जोरानें मारणारी नळी येथें उपयोगाची नाहीं. तो दाब निरोगी रबरालाहि भेदून जातो आणि नसलेली गळती दाखवितो. झारीनें, पावसासारखें, आणि खालून वर या क्रमानें पाणी घालावें. आधीं दाराच्या कांचेच्या पायथ्याशीं, मग कडेला, मग समोर, मग मागें, आणि टपाच्या मध्यावर सर्वांत शेवटीं. प्रत्येक ठिकाणीं पांच मिनिटें थांबावें. आधींच वरून ओतलें तर सर्व वाटा एकदम भिजतात आणि कोणती दोषी तें कळत नाहीं. आंत विजेरी घेऊन एका माणसानें बसावें. परंतु त्या अडचणींत माझी पाठ वांकेना आणि पुतण्याचे खांदे मावेनात. मुलगी दाराशींच उभी होती. सूनबाईंनीं गाडीचा कोरडा, उघडा पत्रा स्वतः हातानें चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पण अर्धाच तास."

दारें झालीं, बाजू झाल्या, समोरची पट्टी झाली. डाव्या कोपऱ्यांतून दोन थेंब आले, ते तिनें इमानेंइतबारें मोजून सांगितले. मग मी मागच्या कांचेवर झारी धरली. एक मिनिट गेलें, दोन गेलीं. तिसऱ्या मिनिटाला आंतून आवाज आला, "आजोबा, वरून नाहीं येत! पट्टा जिथून निघतो ना, त्या पेटीतून येतंय. खूप येतंय!"

आम्हीं गाडीखालीं वांकून पाहिलें. उजव्या चाकापुढें पाण्याची बारीक धार लागली होती. डावीकडे जमीन कोरडी. गोष्ट उघड झाली. डाव्या नळीचें तोंड बुजलें होतें. पन्हळ भरून वाहत होती. तें पाणी पट्ट्याच्या पेटींतून आंत उतरून, तळावर पसरून, गालिच्याखालीं जमत होतें. थेंब दिसे तेथून दोन हात दूर मूळ होतें. नव्या कापडाचा या प्रकरणाशीं कांहींएक संबंध नव्हता. अस्तर बाजूला करून छिद्रांतील मळ काढिला, तो निघाली झाडांची कुजलेली पानें, चिखल, आणि त्यांत रबरासारखा एक पांढरा गोळा. तो पुतण्यानें भरलेल्या लुकणाचाच तुकडा होता. रोगाचें नांव कळण्यापूर्वीं दिलेलें औषध रोगाच्याच पंक्तीला जाऊन बसलें होतें. पुतण्या तो गोळा हातांत घेऊन बराच वेळ पाहत राहिला.

येथवर मी विजयी वीरासारखा होतों. आतां माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. नळींत आणखी खोल कांहीं तरी अडल्यासारखें वाटलें, म्हणून मीं कपडे टांगण्याची तार सरळ केली आणि जोर देऊन आंत सारली. अडथळा एकदम सुटला. वरून तांब्याभर पाणी ओतलें. तें गुळगुळ आवाज करीत क्षणांत नाहींसें झालें. पट्ट्याच्या पेटींत एकहि थेंब आला नाहीं. आम्हीं हात धुतले. तेवढ्यांत सूनबाई दाराशीं येऊन म्हणाल्या, "काका, वर ओतलेलं पाणी खालीं कुठें आलं?"

आम्हीं पुन्हां वांकून पाहिलें. डावीकडची जमीन अजूनहि कोरडीच होती! जमा लिहिली गेली होती. खर्चाचा पत्ता नव्हता. अस्तर आणखी उकलल्यावर दिसलें कीं, माझ्या तारेच्या धक्क्यानें नळीचें वरचें तोंड बैठकीवरून निसटलें होतें, आणि ओतलेलें सारें पाणी त्या पोकळ उंबऱ्याच्या पोटांत गेलें होतें. हें पहिल्या गळतीहून वाईट. कारण गालिचा कोरडा राहिला असता, सर्वांनीं समाधान मानलें असतें, आणि ज्या उंबऱ्यावर गाडीचें बळ आहे तो आंतल्या आंत कुजत राहिला असता. जें पाणी दिसतें त्याहून जें दिसत नाहीं तें अधिक घातक, हें सूत्र मला माझ्या वयांत एका प्रश्नानें शिकावें लागलें.

मग नीट काम केलें. नळी सोडवून बाहेर घेतली, तिला चीर नाहीं हें पाहिलें, आंतून धुतली, आणि पुन्हां बैठकीवर चढवून वर पट्टीनें आवळली. उंबऱ्याच्या बुडाशीं निचऱ्याचीं बारीक भोंकें असतात, तीं मोकळीं करून आंतील पाणी काढिलें. त्यानंतर मोजलेला एक तांब्या वर ओतला आणि खालीं परात धरली. जवळजवळ तांब्याभर पाणी परातींत आलें, तेव्हांच सूनबाईंनीं मान हलविली. वाचकांस माझें सांगणें एवढेंच कीं, नळी साफ करावयास प्लॅस्टिकचें वेष्टण असलेली पडद्याची स्प्रिंग, किंवा गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉनची जाड दोरी वापरावी. टोंक बोथट असावें आणि हात हलका असावा. तार वापरूं नये. आणि पंपाची जोराची हवाहि सोडूं नये, कारण त्या दाबानेंहि नळी आंतल्या आंत निसटते. नळीच्या खालच्या टोंकाशीं कांहीं गाड्यांत पाणी एकाच दिशेनें सोडणारें रबरी तोंड असतें. तेंहि चिखलानें चिकटतें, म्हणून बोटानें चोळून मोकळें करावें.

राहिला डावा कोपरा. तेथें रबर दबलें होतें. पण नवें आणण्यापूर्वीं त्याच्या बैठकीचे स्क्रू किंचित् सैल करून ती पट्टी कांचेकडे सारतां येते काय, तें पाहावें. पुष्कळ गाड्यांत त्यासाठीं लांबट भोंकें ठेविलेलीं असतात. तेवढ्यानें न भागल्यास पट्टीखालीं पाणी न शोषणाऱ्या फोमची पातळ चकती द्यावी. साधा स्पंज दिला तर तोच पाणी पिऊन बसतो. समोरच्या कड्या सैल असतील तर त्यांचे आंकडे एका वेळीं अर्धाच फेरा, आणि दोन्ही बाजूंस सारखेच, आवळावे; एकाच बाजूनें ओढ दिली तर सांगाडा कलतो आणि नवी फट पडते. रबराला तेल किंवा व्हॅसलिन लावूं नये, त्यानें तें फुगतें व सैल पडतें. सिलिकोनची मलई बोटावर घेऊन पातळ लावावी.

टपाची निगा फार कठीण नाहीं. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढें पुरतें; तारेचा ब्रश आणि जोराचा फवारा यांनीं धागा उसवतो. साबणाचा अंश राहूं नये असें धुवावें, पूर्ण वाळवावें, आणि पाणी थेंबाथेंबांनीं न उभें राहतां कापडांत मुरूं लागलें असेल तर टपासाठींच मिळणारा पाणी-रोधक द्रव, आधीं एका कोपऱ्यावर पाहून, मग सर्वत्र लावावा. शिवणींवर शिवणीचेंच पातळ लुकण बारीक कुंचल्यानें फिरवावें. लहान छिद्राला त्याच कापडाचें ठिगळ आंतून लावावें. वरून चिकटपट्टी मारली तर ती उन्हानें सुटते आणि आपला डिंक मात्र मागें ठेवून जाते. मागची कांच प्लॅस्टिकची असल्यास थंडींत टप पाडूं नये, ती तडकते. आणि ओला टप तर कधींच मिटून ठेवूं नये, कारण घडींत बुरशी धरते. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे गाडी झाडाखालीं उभी राहत असेल तर पानगळ संपतांच एकदां, आणि पुढें सहा महिन्यांनीं एकदां, दोन्ही नळ्यांत तांब्याभर पाणी ओतून खालीं तितकेंच येतें कीं नाहीं, तें पाहावें. हा जमाखर्च पांच मिनिटांत होतो.

गंजलेल्या उंबऱ्याचें काम मात्र घरीं करण्यासारखें नव्हतें. एका अनुभवी कारागिरानें कुजका पत्रा कापून तेथें नवा जोडला, आणि आंतील पोकळींत मेणाचा फवारा मारला. त्याला आलेला खर्च नव्या टपाच्या मानानें थोडा होता. पुतण्यानें हिशेब लिहितांना म्हटलें, "काका, आधीं झारी घेतली असती तर टपाचे पैसे वांचले असते." मीं म्हटलें, "आणि मीं तारेऐवजीं दोरी घेतली असती तर एक दिवस वांचला असता. दोघांचें मिळून सूनबाईंच्या नांवावर जमा करूं." नोव्हेंबरांत गाडी परीक्षेंत उत्तीर्ण झाली.

आपल्याकडे अशा मोटारी थोड्या; परंतु कापडी टपाच्या जीपा अजून पुष्कळांच्या दारांत आहेत, विशेषतः घाटमाथ्यावर व कोंकणांत. त्यांना अशी दडलेली पन्हळ बहुधा नसते. त्यांचें पाणी शिवणींनीं, बाजूच्या पडद्यांच्या कडांनीं आणि समोरच्या चौकटीवरून येतें. तरी कागदाची पट्टी, पावडर आणि झारी यांची परीक्षा तेथेंहि तितकीच खरी ठरते. जून लागण्यापूर्वीं जशीं आपण घराचीं कौलें चाळून घेतों, तशी ही परीक्षा मे महिन्याच्या उन्हांत उरकून घ्यावी. आगोट आली कीं मग वाळवावयास ऊन मिळत नाहीं.

मी निघण्याच्या आधल्या रविवारीं पाऊस पडून गेला होता. सूनबाई छत्री न घेतांच बाहेर गेल्या, गाडीचें दार उघडून त्यांनीं डाव्या बाजूचा गालिचा तळहातानें दाबला, हात नाकाशीं नेला, आणि मुलीला हांक मारली. बापलेक फेरी मारावयास गेलीं. परत आल्यावर मुलीनें मला कानांत सांगितलें कीं, डाव्या कोपऱ्यांतून एक थेंब अजून येतो, पण हें आईला सांगावयाचें नाहीं. मीं तिला सांगितलें कीं, आईला आधीं सांगावयाचें आणि मग बाबांना. घरांतली गळती लपविली कीं ती उंबऱ्यांत जाते. तिनें थोडा विचार केला आणि ती आंत धांवत गेली.

असो. पुढील अंकीं स्वयंपाकघराच्या मोरीचा तुंबलेला नळ हा विषय घेण्याचें योजिलें आहे. तोंवर ज्यांच्या घरीं कोठें ओल दिसत असेल, त्यांनीं लुकणाची नळी उघडण्यापूर्वीं एक झारी आणि एक तांब्या हाताशीं घ्यावा, आणि घरांतील जें माणूस शांतपणें प्रश्न विचारतें, त्याला जवळ बसवून घ्यावें.